पऱ्हाटी, राख आणि पंधरा लाखांचा कार्यादेश

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

स्वच्छ तंत्रज्ञानाच्या स्टार्टअप स्पर्धा आणि कोळशावर जगणाऱ्या गावांचे पुढचे पोटपाणी या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ भागातून आली, एक परळीहून आले. ज्या पत्रांत प्रश्न सारखेच होते, त्यांना एकत्र उत्तर दिले आहे.

आम्ही तिघे मित्र वरोऱ्याजवळच्या गावातले, दोघांचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे) गोळा करून तिचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, बनवायचे आणि औष्णिक केंद्राला विकायचे, अशी कल्पना घेऊन स्पर्धेत उतरायचा विचार आहे. परीक्षक काय विचारतील?

पेलेट मशीन हा तुमचा शोध नाही हे परीक्षकांना ठाऊक असते, त्यामुळे यंत्राच्या चित्रांवर वेळ घालवू नका. मागणी आहे, हेही सिद्ध करत बसू नका. कोळशाबरोबर बायोमास, म्हणजे शेतातला काडीकचरा, जाळण्याचे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारले आणि ५ टक्के मिश्रणाचे बंधन घातले. पुढे टक्केवारी आणि मुदती बदलत गेल्या. ज्या केंद्राला माल द्यायचा, त्याची ताजी निविदा मिळवून त्यातली अट वाचा. चांगला परीक्षक त्यानंतर तुम्हाला तीन ठिकाणी अडवेल: ओलावा, माती आणि साठवण.

ओलाव्याचा हिशेब आधी. जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी हिरवी असते. समजा तिच्यात ४० टक्के पाणी आहे. अशी १,००० किलो घेतली तर त्यात कोरडा माल ६०० किलो. पेलेट मशीनला साधारण १२ टक्के ओलावा लागतो, म्हणजे हातात उरतात ६८२ किलो. शेतकऱ्याला ३ रुपये किलो दिले असतील तर तुमचा खरा भाव झाला ४ रुपये ४० पैसे. दळण, वीज, मजुरी, वाहतूक अजून पुढेच आहे. अनेकांचा धंदा इथेच, पहिल्या काट्यावर बुडतो. उपाय साधा आहे. पऱ्हाटी उपटून शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) दोन-तीन आठवडे उन्हात पडू द्या, ओलावामापक घेऊन जा आणि भाव ओलाव्यानुसार ठरवा. वीस टक्क्यांच्या आतल्या मालाला एक दर, त्यावरच्या मालाला कमी, आणि हा तक्ता मराठीत छापून आधीच शेतकऱ्याच्या हाती द्या. काट्यावर वाद झाला की गाव तुटते.

माती हा दुसरा शत्रू. पऱ्हाटी मुळासकट उपटली की काळी माती सोबत येते. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडायचे तर फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर लांबवलेले पीक) न घेता पऱ्हाटी शेतातून हलवायलाच हवी, म्हणून ‘वरून कापा’ हा सल्ला अर्धाच उपयोगी. मातीतल्या सिलिकाने डायची (पेलेट ज्यातून दाबून निघतात त्या साच्याची) छिद्रे आणि रोलर लवकर झिजतात, राखेचे प्रमाणही वाढते. मुळे आपटून झाडणे, चिपरमधून (झाडांचे तुकडे करणारे यंत्र) गेल्यावर फिरती चाळणी आणि हॅमर मिलच्या (तुकड्यांचा भुगा करणारी गिरणी) तोंडाशी चुंबक, या तीन गोष्टी आराखड्यात दाखवा. आणखी एक खोडी या पिकाचीच: सालीचे चिवट धागे चिपरच्या शाफ्टला गुंडाळतात. यंत्र विकणारा डेमो बाभळीच्या फांद्यांवर देतो आणि सगळे छान चालते. डेमोला पऱ्हाटी तुम्हीच घेऊन जा, निदान दोन तास सलग चालवायला लावा.

तिसरी साठवण. मोकळ्या पऱ्हाटीने ट्रॉली डोक्याएवढी भरली तरी वजन चार-पाच क्विंटलांच्या आसपासच भरते. लांबून आणली तर डिझेलच खाते, म्हणून चिपर शेताकडे न्यायचा. आता मोठे गणित मांडू. ताशी १ टनाचे मशीन दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस चालवले तर २,००० टन पेलेट. कच्चा माल अडीच हजार टनांच्या वर लागेल. एकरी साधारण टनभर धरले तर अडीच हजार एकर. हा सगळा माल जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत घ्यायचा आणि वर्षभर वापरायचा. चिप्सचे वजन घनमीटरला सुमारे १५० किलो. त्या तीन महिन्यांतला वापर वजा जाता उरलेल्या सुमारे २,००० टनांचा ढीग ४ मीटर उंच रचला तरी ३,३०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराहून जास्त जागा लागते, आणि ढिगांमध्ये आगीचा बंब जाईल एवढी वाट सोडावी लागते ती वेगळी. जून उजाडायच्या आत त्यावर छप्पर हवे. शिवाय तीन महिन्यांत ओतलेला पैसा वर्षभर हळूहळू परत येणार. स्पर्धेत ‘यंत्राला ३० लाख’ मागणारे बरेच असतात. खेळते भांडवल मागणारा संघ परीक्षकांच्या लक्षात राहतो.

म्हणून पहिल्या वर्षी वीज केंद्राच्या मोठ्या निविदेमागे धावू नका. आसपासच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा बॉयलर, राईस मिल किंवा सॉल्व्हंट प्लँट शोधा आणि ५० टनांची लेखी मागणी मिळवा. उष्मांक, ओलावा, राख आणि क्लोरीन यांची एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी जोडा. क्लोरीन विसरू नका, बॉयलरच्या नळ्या त्याने झिजतात. पऱ्हाटीत ते धानाच्या तणसापेक्षा कमी असते, ही तुमची जमेची बाजू आहे, ती आकड्याने दाखवा. कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेने पऱ्हाटीच्या पेलेट आणि ब्रिकेटवर (जळणाच्या विटांवर) बरेच काम केले आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. स्पर्धेआधी तिथे एक फेरी मारा.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. आज ती पऱ्हाटी कोण नेते? बऱ्याच गावांत भूमिहीन मजूर बायका तिच्या मोळ्या बांधतात आणि वर्षाचे सरपण करतात. तुम्ही तिला भाव दिलात की शेतकरी त्यांना बांधावर येऊ देणार नाही. हे नुकसान तुमच्या कागदावर कुठेच दिसत नाही, पण गावात दिसते. खरेदीआधी घरे मोजा, प्रत्येक घराला किती मोळ्या लागतात ते लिहा, तेवढा वाटा सोडा आणि धुऱ्यावर पऱ्हाटी झाडण्या-रचण्याचे काम त्याच बायकांना दर ठरवून द्या.

स्टार्टअप वीकमध्ये १५ लाखांचा सरकारी कार्यादेश मिळतो म्हणतात. दुसरीकडे प्रयास, सीड फंड, बिग अशी नावे ऐकतो. आधी काय घ्यावे? एकाने दुसरे बंद होते का? (पुणे, नागपूर आणि अकोल्याहून आलेली पत्रे)

होते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

कंपनी नाही, फक्त कल्पना आणि अर्धवट नमुना आहे, अशा वेळी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना. नमुना बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत मिळतात आणि एकटा माणूसही अर्ज करू शकतो, मात्र तो मान्यताप्राप्त प्रयास केंद्रामार्फतच. काम जैव प्रकारचे असेल, म्हणजे सांडपाणी, जिवाणू, बायोमासमधून रसायने वगैरे, तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठी असते. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातले व्हेंचर सेंटर त्याचे भागीदार आहे. बिगसाठी विज्ञान पक्के लागते, ‘आमच्याकडे चांगली टीम आहे’ एवढ्याने भागत नाही.

स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात चाचणी आणि नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे (पुढे भागभांडवलात बदलता येणारे). अर्जखिडकी उघडी आहे का, ते आधी पाहा. अटी नीट वाचा: अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) मान्यता हवी, भारतीय प्रवर्तकांचा वाटा निदान ५१ टक्के हवा आणि इतर केंद्र किंवा राज्य योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त पैसे घेतलेले नकोत. स्पर्धांतले बक्षीस या १० लाखांत धरत नाहीत. म्हणजे प्रयासचे पूर्ण १० लाख घेतले तरी दार उघडे राहते, त्यावर आणखी एखादे सरकारी अनुदान घेतले की बंद होते. बक्षिसे मात्र कितीही जिंका. मंजुरीच्या पत्रावर ‘बक्षीस’ लिहिले आहे की ‘अनुदान’, हे त्यासाठी पाहायचे. संयोजक घाईत काहीही छापतात.

दोन वर्षांची अट बघता कंपनी नोंदवण्याची घाई करू नका. महाविद्यालयात असतानाच हौसेने कंपनी काढणारे आणि तिसऱ्या वर्षी खरे काम सुरू करणारे या अटीत हमखास अडकतात.

आता कार्यादेश. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप वीक २०१८ पासून होतो. अर्जांतून शंभरेक निवडायचे, त्यांतल्या २४ जणांना शासनाच्या एखाद्या विभागात प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश द्यायचा, अशी त्याची घडी बसली. शाश्वतता हा त्यातला एक गट, त्यात स्वच्छ ऊर्जा, पाणी, कचरा येतात. रकमेची मर्यादा आणि नियम त्या-त्या वर्षीच्या सूचनेत तपासा. आमच्या मते राज्यातल्या स्पर्धांत सर्वांत उपयोगी हीच, कारण शेवटी ढाल हातात येत नाही, गिऱ्हाईक येते.

पण हे बक्षीस नव्हे, विक्री आहे, आणि पुढचे सगळे घोळ या फरकातून होतात. १५ लाख जीएसटीसह धरले असतील आणि तुमच्या कामाला १८ टक्के दर लागू असेल, तर तुमच्या वाट्याला येतात १२ लाख ७१ हजार. सरकारी खाते त्यातूनही २ टक्के जीएसटी कापते, आयकराची कपात वेगळी. हे पैसे पुढे जमेस येतात, पण आज खिशात नसतात. आणि बिल काम झाल्यावर निघते, म्हणजे बारा लाखांचे काम आधी स्वतःच्या पैशाने उभे करायचे. बोलणी करताना कामाचे तीन टप्पे मागा: उभारणी, ३० दिवसांच्या नोंदी आणि अहवाल, प्रत्येक टप्प्यावर बिल. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, उशिरावर व्याजही लागते. लगेच भांडायला जाऊ नका, पण पत्रात कलम नमूद करा.

कार्यादेशासोबत एक पानाचे परिशिष्ट जोडून घ्या. जागा कोणती, वीज आणि पाणी कोण देणार, यंत्राची राखण कोणाकडे, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या पदावरचा अधिकारी सही करून देणार. पदाचे नाव लिहा, व्यक्तीचे नको. मध्येच बदली होते आणि नवे साहेब ‘हे माझ्या काळातले नाही’ म्हणतात. बहुतेक प्रयोग तंत्रज्ञानामुळे फसत नाहीत, या एका पानाअभावी फसतात.

मी घुग्घुसचा (जि. चंद्रपूर), कोळसा हाताळणीच्या कंत्राटात सोळा वर्षे. स्पर्धा शिकलेल्या पोरांच्या, पैसे त्यांचे. ‘न्याय्य संक्रमण’ यात आमच्यासारख्यांना काय?

दादा, तुमचा संशय रास्त आहे. आजवरच्या बहुतेक स्पर्धांत तुमच्यासाठी काही नव्हते.

हा शब्द २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर मार्गदर्शक तत्त्वे काढली. अर्थ एवढाच: कोळसा कमी करायचा असेल तर त्यावर जगणाऱ्यांचा भार त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर टाकायचा नाही. अडचण अशी की कायम कामगाराला बदली, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन असते. कंत्राटी कामगार, टिप्परचा चालक, गेटसमोरचा चहावाला, राखेवर चालणारी वीटभट्टी यांची नोंदच धड नसते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातले २१० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले, केंद्र आज २,९२० मेगावॅटचे आहे. असे संच पुढेही बंद होतील. परळीचे केंद्र २०१५ मध्ये तर पाणी नाही म्हणून थांबले होते आणि त्याचा फटका आधी कंत्राटी माणसालाच बसला. झारखंड सरकारने या प्रश्नावर २०२२ मध्ये कृती दल नेमले. महाराष्ट्राने खाणपट्ट्यासाठी तसे काही करायला हरकत नव्हती.

स्पेनमधले उदाहरण बघा. तेरुएल प्रांतातल्या आंदोरा गावचे कोळशाचे वीजकेंद्र २०२० मध्ये बंद झाले. केंद्र जिथे वीजजाळ्याला जोडलेले होते ती जोडणी मौल्यवान असते. सरकारने ती सर्वांत स्वस्त वीज देणाऱ्याला न देता स्पर्धा ठेवली आणि स्थानिकांना रोजगार, प्रशिक्षण, गावातली गुंतवणूक यांना गुण ठेवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये १,२०२ मेगावॅटची जोडणी दिली गेली. धडा हा की ‘न्याय्य’ हा शब्द भाषणात राहिला तर वाऱ्यावर जातो, गुणपत्रिकेत बसला तर कंपन्या त्यासाठी धडपडतात.

तुमच्या संघटनेला आजच करता येतील अशा गोष्टी सांगतो. जिल्ह्यात अशी स्पर्धा होणार असेल तर परीक्षक मंडळात कामगारांचा एक माणूस लेखी मागा. त्याने प्रत्येक संघाला विचारावे: किती मनुष्यदिवस, कोणत्या महिन्यांत, काय रोज, भविष्य निर्वाह निधी कापणार का? ‘६० जणांना रोजगार’ ऐकून टाळ्या वाजतात. ते साठ जण ४५ दिवसच लागणार असतील तर झाले २,७०० मनुष्यदिवस, म्हणजे वर्षाला ३०० दिवसांच्या हिशेबाने नऊ नोकऱ्या. सौरप्रकल्पातही उभारणीला गर्दी लागते आणि नंतर मूठभर माणसे, हे तोंडावर सांगणारा संघ प्रामाणिक समजावा.

आणि तुमचे कसब कमी लेखू नका. बेल्ट व्हल्कनायझिंग, बेअरिंग बदलणे, गिअरबॉक्सचे अलाइनमेंट, हॅमर मिलची देखभाल हे पेलेट प्लँटला, राख विटांच्या कारखान्याला, कचरा वर्गीकरणाच्या केंद्राला लागतेच. डिप्लोमावाल्या पोरांना ते येत नाही. बॉयलर अटेंडंटचा दाखला किंवा वायरमनचा परवाना असेल तर तो जपा, बायोमासच्या बॉयलरवर आणि सौरपंपांच्या कामात तोच चालतो. कागद नसेल तर ‘पूर्वअनुभवाची मान्यता’ या सरकारी पद्धतीने आधीच्या कामावरून परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळते. चार-पाच जणांनी मिळून एखाद्या संघाला ‘आम्ही देखभाल करू, बदल्यात पगार आणि थोडी भागीदारी’ असेही म्हणता येईल. भागीदारीचा कागद मात्र वकिलाकडून करून घ्या.

यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून लिहितो आहे. जिल्हास्तरीय स्वच्छ तंत्रज्ञान स्पर्धा घ्यायची आहे, १२ लाखांपर्यंत निधी उभा राहील. रचना कशी असावी?

सर, सभागृह, ढाली आणि पाहुण्यांचा हार यांवर शून्य खर्च धरा, मग १२ लाख पुरतात.

अर्ज मागवण्याआधी प्रश्न मागवा. जिनिंग मिल, नगरपालिका, दूध संघ, खाण, वीज उपकेंद्र यांच्याकडून सहा ते आठ खरे प्रश्न घ्या. प्रत्येकाने एका पानावर लिहून द्यावे: प्रश्न काय, आज त्यावर महिन्याला किती खर्च होतो, चाचणीसाठी जागा कोणती आणि चाचणी जमली तर किती माल घेऊ. ज्याला हे पान द्यायचे नाही तो यजमान नको. मोकळा विषय दिला की स्मार्ट कचराकुंडीचे वीस अर्ज येतात.

पैसे असे वाटा: पहिल्या फेरीतून १० संघ, प्रत्येकी २० हजार, छोट्या चाचणीसाठी. दुसऱ्या फेरीतून ३ संघ, प्रत्येकी अडीच लाख, यजमानाच्या जागेवर. उरलेले अडीच लाख प्रयोगशाळेच्या चाचण्या, प्रवास, विमा आणि बाहेरच्या परीक्षकांसाठी. दुसऱ्या फेरीतल्या संघाच्या अडीच लाखांतले निम्मे सुरुवातीला, ३० टक्के उभारणीनंतर, २० टक्के नोंदी हातात आल्यावर. सगळी रक्कम मंचावर मोठ्या धनादेशाच्या चित्रासह दिली की पुढच्या महिन्यात संघाचे दूरध्वनी लागत नाहीत.

गुण १००: चालते का याचा पुरावा ३०, गिऱ्हाईक आणि भाव ३०, पर्यावरणाचा मोजलेला फायदा २०, माणसांचे काम २०. शेवटच्या रकान्यात ८ पेक्षा कमी मिळाले तर संघ बाद, बाकी गुण कितीही असोत. ही किमान पात्रता ठेवली नाही तर ते २० गुण शोभेचे ठरतात. परीक्षक पाच: देखभाल करणारा अभियंता, बँकेतला कर्ज अधिकारी, एक खरेदीदार, कामगार किंवा बचत गटातले एक जण, एक प्राध्यापक. ज्या परीक्षकाने एखाद्या संघाला आधी मार्गदर्शन केले असेल त्याने त्या संघाला गुण द्यायचे नाहीत, आणि हे नियमपत्रिकेत आधी छापा. सादरीकरण मराठीत चालेल असे ठळक लिहा. आयटीआयची मुले इंग्रजीच्या धाकाने अर्जच करत नाहीत.

वेळापत्रक पिकावर अवलंबून. कापसाचा विषय असेल तर प्रश्न ऑगस्टमध्ये, निवड नोव्हेंबरात, चाचणी जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चमध्ये अंतिम फेरी ठेवली तर दाखवायला काही उरते. हुकलेल्या प्रत्येक संघाला चार ओळींचे कारण पाठवा. याला खर्च नाही, तरी कोणी करत नाही.

निधीसाठी खाणी असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जरूर जा. खाणपट्टेधारक स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात त्यात पैसे भरतात, १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना हे प्रमाण ३० टक्के आहे, लिलावाने दिलेल्या नंतरच्या पट्ट्यांना १० टक्के. हा पैसा खाणबाधित लोकांसाठीच असतो आणि कौशल्यविकास त्यात बसतो. म्हणून प्रस्तावात ‘स्पर्धा’ मागे आणि बाधित गावांतल्या किती जणांना काय शिकवणार ते पुढे ठेवा.

स्पर्धेत सगळ्यांसमोर कल्पना सांगितली तर कोणी चोरेल का? पेटंट आधी घ्यावे का?

चोरीपेक्षा मोठा धोका तुम्ही स्वतःच आहात. जाहीर सादरीकरण केले की शोध ‘नवा’ राहत नाही आणि नंतरचा पेटंट अर्ज त्यावर फेटाळला जाऊ शकतो. प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. महाविद्यालयाची स्पर्धा त्यात येत नाही. म्हणून सादरीकरणाआधी तात्पुरता अर्ज भरा. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. तात्पुरत्या अर्जात रचना, मापे आणि पर्यायी मांडणी सगळे लिहा, दोन परिच्छेदांच्या अर्जाला संरक्षणही दोन परिच्छेदांचेच. आणि पेलेट मशीनसारख्या जुन्या यंत्राला पेटंट शोधत बसू नका. तिथे चिपरच्या शाफ्टवरचा धागा सोडवण्याची युक्ती सापडली तर तेवढ्याचेच घ्या.

परळीच्या आमच्या बचत गटाला राखेच्या विटा करायच्या आहेत. याला स्पर्धेत नवकल्पना म्हणतील का?

ताई, राखेची वीट म्हणून नाही म्हणणार, ती फार जुनी गोष्ट आहे. पण कमी पाणी मारून पक्की केलेली वीट म्हणाल तर परळीत तो खरा प्रश्न आहे.

सुरुवातीचे प्रमाण: राख ६०, क्रशरची कच ३०, सिमेंट १०. वीट सुमारे ३ किलोची धरली तर हजार विटांना १.८ टन राख, ९०० किलो कच आणि सिमेंटच्या ६ गोण्या. राख घेताना कोरडी, विद्युत अवक्षेपकातून (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रातून) निघालेली घ्या. तलावातली ओली राख जाड आणि कमी क्रियाशील असते, तिने कोपरे भुरभुरतात आणि दोष मात्र सिमेंटला जातो. न जळलेला कोळसा ५ टक्क्यांच्या आत असल्याचा दाखला मागा. पाणी जास्त झाले की साच्यातून निघताना वीट बसते, म्हणून मूठभर मिश्रण दाबून गोळा टिकतो पण हाताला पाणी लागत नाही, इतकेच पाणी घाला. १४ ते २१ दिवस पाणी मारावे लागते आणि उन्हाळ्यात परळीत तेच मिळत नाही. विटांच्या थराला ओले गोणपाट आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधून दोन ढीग सोबत ठेवा: एक रोज पाणी मारलेला, एक झाकलेला. लागलेले पाणी लिटरमध्ये लिहा, २८ दिवसांनी दोन्ही ढिगांतल्या विटा प्रयोगशाळेत दाबून घ्या. झाकलेली वीट ७.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर उतरली आणि पाणीशोषण २० टक्क्यांच्या आत राहिले, तर तोच तुमचा स्पर्धेचा अर्ज.

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर वीजकेंद्राला टनामागे १,००० रुपयांची भरपाई लावली आहे. राख उचलणारा त्यांना हवा असतो हे लक्षात ठेवून बोला, उपकार मागितल्यासारखे नको. एक अडचण: बचत गटाला डीपीआयआयटीची स्टार्टअप मान्यता मिळत नाही. बक्षिसाच्या स्पर्धेला गट चालतो, सीड फंडासाठी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसारखी नोंदणी लागेल. चाचणी होईपर्यंत त्या भानगडीत पडू नका.

अर्जात ‘किती कार्बन वाचेल’ असा रकाना असतो. आम्ही विद्यार्थी अंदाजे आकडा टाकतो. नीट कसा काढायचा? (नागपूर)

तीन आकडे पाठ असू द्या. आपल्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेलला २.६८ किलो. किलोमागे ४,००० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या देशी कोळशाच्या किलोला सुमारे १.६ किलो.

वरच्याच पेलेटचे बघू. ३,६०० किलोकॅलरीचे १ टन पेलेट ०.९ टन कोळशाची जागा घेतात, म्हणजे १,४४० किलो वाचले. आता वजाबाकी: दळायला आणि दाबायला १०० युनिट वीज, ७० किलो. चिपरला ५ लिटर डिझेल, १३ किलो. १६ टनांचा ट्रक ६० किलोमीटरवर माल नेऊन रिकामा परत आला, लिटरला ४ किलोमीटर धरले तर ३० लिटर, ८० किलो, टनामागे ५. उरले सुमारे १,३५० किलो. वाहतूक कार्बनमध्ये किरकोळ निघते, रुपयांत मात्र नाही. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले की परीक्षकाला कळते, तुम्ही खरेच मोजले आहे.

फसगत पुढच्या पायरीवर होते. तो माल आधी कुठे जात होता? शेतात पेटवत असतील तर वरचा आकडा टिकतो. टनातले दोन क्विंटल चुलीत जात असतील आणि आता त्या घरचे लोक बाभळी तोडत असतील, तर टनामागे दोन क्विंटलांचा फायदा सोडून द्या: १,४४० च्या जागी १,१५० धरा आणि मग वजाबाकी करा. हे कळायला दहा घरांत जाऊन विचारावे लागते, एक दुपार पुरते. विचारल्याची तारीख, घरांची संख्या आणि मोळ्यांचे वजन लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो अर्जाला जोडा.